बोलावणे न आलेला गोलंदाज

श्रोतेहो, अमेरिकेत बेसबॉलचा सामना चालू असता प्रेक्षकांचे लक्ष साहजिकच मैदानाच्या मध्यावर उभ्या असलेल्या चेंडूफेक्याकडे लागलेले असते. परंतु त्याच मैदानाच्या एका कडेला, बहुधा कुंपणापलीकडे, एक लहानशी आवारबंद जागा असते. तिला तेथील लोक ‘बुलपेन’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर बैलांचा कोंडवाडा! या कोंडवाड्यात पाच-सात माणसे बाकावर बसून असतात. ती खेळाडूच असतात. पण सामना सुरू होतो तेव्हा त्यांना कोणी मैदानावर बोलावीत नाही. आपला मुख्य चेंडूफेक्या थकला, त्याचा हात जड झाला अथवा प्रतिपक्षाने त्याला झोडपून काढावयास आरंभ केला, म्हणजे मग व्यवस्थापकाचा निरोप येतो आणि त्यांपैकी एकजण उठून खांदे मोकळे करू लागतो. हाच बदली चेंडूफेक्या होय. त्याच्या आयुष्याचा पुष्कळसा भाग बसून राहण्यात जातो; आणि तरीही कोणत्याही क्षणी उठून उत्तम कामगिरी करावयाची, हा त्याचा पेशा असतो.

आज मला आपणांपुढे या वाट पाहण्याच्या पेशाविषयी थोडे बोलावयाचे आहे. त्यासाठी आरंभी क्षणभर अमेरिकेत जाऊन नंतर आपण मुंबईस परत यावयाचे आहे. कारण ज्याची गोष्ट मला मुख्यतः सांगावयाची आहे, तो गृहस्थ शिवाजी पार्कचा होता.

बेसबॉलमध्ये बदली चेंडूफेक्या ही काही मूळची संस्था नव्हे. एकोणिसाव्या शतकात बहुतेक काळ अशी रीत होती की ज्याने सामना सुरू केला त्यानेच तो तडीस न्यावा. खेळाडू जखमी झाला तरच बाहेरचा माणूस आत येई. १८९१ साली नियम सैल झाला आणि केव्हाही बदली खेळाडू घेण्याची मोकळीक मिळाली. मात्र एकदा बाहेर गेलेल्याने त्या सामन्यात परत यावयाचे नाही, ही अट कायम राहिली. नियम बदलला, तरी लोकांची दृष्टी लवकर बदलली नाही. बदली म्हणजे दुय्यम, मुख्य होण्याची ज्याची पात्रता नाही असा, हीच समजूत पुढे कित्येक वर्षे टिकून होती. १९२०-३० च्या दशकात वॉशिंग्टनच्या संघाने फर्पो मार्बेरी नावाच्या चेंडूफेक्याचा मुद्दाम सामन्याच्या अखेरीस उपयोग केला आणि १९२४ साली तो संघ जगज्जेता ठरला. तेव्हा कोठे या कामाचे मोल काही जणांच्या ध्यानात येऊ लागले.

मोल ध्यानात येणे निराळे आणि ते वहीत नोंदले जाणे निराळे. बेसबॉलच्या हिशेबात चेंडूफेक्याच्या नावापुढे दोनच मुख्य रकाने असत, विजय आणि पराजय. या दोन रकान्यांत बदली माणसाचे काम बसेना. १९५९ साली पिट्सबर्गच्या एल्रॉय फेस याच्या नावावर अठरा विजय आणि अवघा एक पराजय लागला. आकडा डोळे दिपविणारा खरा. परंतु त्यांतील काही विजय असे होते की त्याने आघाडी हातची घालविली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा मिळवून दिली! उलट, ज्याने खरोखर आघाडी राखली त्याच्या नावावर काहीच लागत नसे. शिकागो येथील जेरोम होल्ट्झमन या पत्रकाराला ही विसंगती खटकली. त्याने एक नवा रकाना सुचविला. दुसऱ्याने मिळवून दिलेली आघाडी शेवटपर्यंत सुरक्षित राखणे, याची स्वतंत्र नोंद व्हावी. १९६९ साली हा रकाना अधिकृत झाला. खेळ तोच, माणसे तीच. पण एक उभी रेघ जास्त आखली गेल्याबरोबर इतकी वर्षे न दिसणारी माणसे एकाएकी दिसू लागली.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. हॉइट विल्हेल्म हा चेंडूफेक्या दुसऱ्या महायुद्धात लढून जखमी झालेला. पहिल्या दर्जाच्या सामन्यात तो प्रथम उतरला १९५२ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. त्याचा चेंडू वेगवान नव्हता. तो जवळजवळ न फिरता, हेलकावे खात, फलंदाजाला बुचकळ्यात टाकीत जाई. या एका विद्येच्या बळावर तो वयाच्या पन्नाशीला टेकेपर्यंत, म्हणजे १९७२ पर्यंत, खेळत राहिला. १९८५ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याची निवड झाली. मुख्यतः बदली म्हणून खेळलेल्या माणसाला तो मान तेव्हा प्रथमच मिळाला. पुढे पनामा देशातून आलेल्या मारियानो रिव्हेराने त्या नव्या रकान्यात ६५२ ही संख्या नोंदविली आणि २०१९ साली एकही विरोधी मत न पडता त्या कीर्तिमंदिरात प्रवेश मिळविणारा तो पहिला खेळाडू ठरला. पहिला मुख्य चेंडूफेक्या नव्हे किंवा पहिला फलंदाज नव्हे, तर पहिला खेळाडू. कोंडवाड्याच्या बाकावरून केवढी ही मजल!

या बाकावर एक भारतीयही बसून आला आहे. उत्तर प्रदेशातील खेड्यात वाढलेला आणि भालाफेकीत तरबेज असलेला रिंकू सिंग हा डावखुरा तरुण, २००८ साली भारतात भरविलेल्या चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून निवडला गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दिनेश पटेल या सहकाऱ्यासह त्याचा पिट्सबर्गच्या व्यावसायिक संघाशी करार झाला. ज्याने पूर्वी बेसबॉल हाती धरला नव्हता तो पुढे कित्येक हंगाम तेथील खालच्या श्रेणीच्या संघांतून बदली चेंडूफेक्या म्हणून खेळला. वरच्या श्रेणीचे बोलावणे मात्र त्याला अखेरपर्यंत आले नाही.

आता आपण मुंबईकडे वळू. क्रिकेट आणि बेसबॉल यांत एक मोठा भेद आहे. बेसबॉलमध्ये बाकावरील माणसाला आज नाही तर उद्या संध्याकाळी बोलावणे येण्याचा संभव असतो. क्रिकेटमध्ये तसे नाही. अकरा जणांची यादी एकदा जाहीर झाली की बारावा खेळाडू क्षेत्ररक्षण करील, पाणी नेईल. पण तो चेंडू टाकू शकत नाही. डोक्यास मार बसलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण बदली घेण्याची सवलत आली तीही २०१९ साली. म्हणून आपल्याकडील वाट पाहणे हे एका सामन्यापुरते नसते. ते हंगामामागून हंगाम चालते आणि कधी कधी माणसाचे सारे तारुण्य त्यात निघून जाते.

पद्माकर शिवलकर यांचे असेच झाले. त्यांचा जन्म १४ सप्टेंबर १९४० चा. शिवाजी पार्कच्या मैदानाने त्यांना घडविले; विनू मांकड यांच्यासारख्या जाणत्याने त्यांच्या हातातील गुण हेरला. क्रिकेट खेळून पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. त्या काळी चांगला खेळाडू एखाद्या पेढीत अथवा कारखान्यात नोकरी धरी आणि त्या पेढीच्या संघातून टाइम्स ढालीसाठी खेळे. शिवलकर टाटांच्या संघातून खेळले. १९६१-६२ च्या हंगामात ते प्रथम श्रेणीच्या सामन्यात उतरले आणि पहिल्याच डावात त्यांनी पाच बळी घेतले. वय होते एकवीस.

त्यांची गोलंदाजी डावखुरी आणि मंदगती होती. ज्या श्रोत्यांना खेळाची बारकाई ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अशा गोलंदाजाचा चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायांकडून बाहेरच्या बाजूस वळतो. फलंदाज पुढे येतो, बॅट चेंडूच्या रेषेत आणतो आणि अखेरच्या क्षणी चेंडू त्याच्यापासून दूर सरतो. कड लागली तर झेल, हुकला तर यष्टिरक्षकाच्या हाती घात. येथे बळाचे काम नाही. बोटांची पकड, चेंडूला दिलेली उंची आणि तो जेथे टाकावयाचा तेथेच तासन्‌तास टाकण्याची चिकाटी, एवढेच भांडवल. मुंबईचा पावसाळा या विद्येची शाळाच होय. १९४८ पासून चालत आलेल्या कांगा लीगचे सामने भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर होतात. तेथे चेंडू कोठे वळेल याचा भरवसा नसतो. म्हणून तेथे शिकलेल्याचा हात पक्का होतो. शिवलकरांचा हात असा पक्का होता.

त्या हाताचा पराक्रम पाहावयाचा असेल तर १९७२-७३ च्या हंगामातील रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याकडे जावे लागते. स्थळ मद्रासचे चेपॉक मैदान. प्रतिपक्ष तामिळनाडू. खेळपट्टी अशी की पहिल्या दिवसापासूनच चेंडू फिरू लागला. अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखालील मुंबईचा पहिला डाव १५१ धावांत आटोपला. एरवी मुंबईसारख्या संघाने त्याची लाज बाळगावी. परंतु नंतर शिवलकरांनी चेंडू हाती घेतला. तामिळनाडूचा डाव ८० धावांत संपला, आणि त्यांत शिवलकरांचे आठ बळी होते, अवघ्या सोळा धावांत. मुंबईचा दुसरा डाव ११३ वर आटोपला. तामिळनाडूने पुन्हा फलंदाजी केली ती ६१ धावांत संपली. या वेळी शिवलकरांचे पाच बळी, अठरा धावांत. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना निकालात निघाला. मुंबई १२३ धावांनी जिंकली. सलग पंधरा वर्षे करंडक मुंबईकडे राहिला तो हा पंधरावा. चौतीस धावांत तेरा बळी! अंतिम सामन्यात, परक्या मैदानावर, फिरकी खेळण्याचा सराव असलेल्या फलंदाजांविरुद्ध.

आणि तरीही भारतीय संघाचे बोलावणे आले नाही. का आले नाही, याचे उत्तर एका नावात आहे. ते नाव म्हणजे बिशनसिंग बेदी. बेदी शिवलकरांपेक्षा सहा वर्षांनी लहान. १९६६ च्या शेवटच्या दिवशी कलकत्त्यास सुरू झालेल्या कसोटी सामन्यात ते विसाव्या वर्षी प्रथम खेळले आणि पुढे १९७९ पर्यंत ६७ कसोटी सामन्यांत त्यांनी २६६ बळी घेतले. तेही डावखुरे, तेही मंदगती. त्यापूर्वीची पाच वर्षे म्हणावीत तर डावखुऱ्या फिरकीची जागा बापू नाडकर्णी आणि सलीम दुराणी यांच्याकडे होती. बेदींच्या जोडीस प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन असे आणखी तीन फिरकी गोलंदाज एकाच काळात भारताला लाभले. या चौघांनाच एका सामन्यात एकत्र खेळविणे कठीण. तेथे दुसऱ्या डावखुऱ्याला जागा कोठून मिळावयाची? ज्या हंगामात शिवलकरांनी चेपॉक गाजविले त्याच हंगामात इंग्लंडविरुद्धच्या पाच कसोटी सामन्यांत चंद्रशेखर यांनी ३५ आणि बेदी यांनी २५ बळी घेतले, आणि भारताने ती मालिका जिंकली. विशेष असे की, त्या भारतीय संघाचे कर्णधारही वाडेकरच होते. शिवलकरांचे सामर्थ्य वाडेकरांस ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण जागा एक आणि तीवर बसलेला माणूस जगातल्या श्रेष्ठांपैकी एक, अशी ही अडचण होती.

या बाकावर शिवलकर एकटे नव्हते. हरियाणाचे राजिंदर गोयल हेही डावखुरे फिरकी गोलंदाज. रणजी करंडकात त्यांनी ६३७ बळी घेऊन सर्वाधिक बळींचा विक्रम केला. १९७४ साली वेस्ट इंडीजविरुद्ध बंगलोरच्या कसोटी सामन्यातून शिस्तीच्या कारणावरून बेदींना वगळण्यात आले, तेव्हा गोयल निवडलेल्या चमूत होते. दार उघडल्यासारखे दिसले. परंतु सामन्याच्या दिवशी अकरा जणांत त्यांचे नाव नव्हते. दार पुन्हा मिटले ते मिटलेच. पुढे १९७९ साली बेदींची कारकीर्द संपली, तेव्हा त्यांची जागा दिलीप दोशी यांस मिळाली. तेही एकतीस वर्षांचे झाले होते आणि त्यांनी मिळालेल्या संधीचे सोने करून शंभरांहून अधिक कसोटी बळी घेतले. शिवलकर त्या वेळी चाळिशीच्या उंबरठ्यावर उभे होते. ज्या जागेची त्यांनी इतकी वर्षे वाट पाहिली ती अखेर रिकामी झाली, तेव्हा काळ त्यांच्या पुढे निघून गेला होता.

तरीही त्यांनी चेंडू खाली ठेवला नाही. १९८७-८८ च्या हंगामात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते मुंबईसाठी पुन्हा दोन सामने खेळले. एकंदर १२४ प्रथम श्रेणीचे सामने, ५८९ बळी, आणि प्रत्येक बळीमागे सरासरी वीसपेक्षाही कमी धावा. खेळणे थांबल्यावर ते शिवाजी पार्क जिमखान्यात तरुणांना चेंडू कसा पकडावा हे शिकवीत राहिले. सुनील गावसकर यांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या ग्रंथात ज्यांना आदराचे स्थान दिले त्यांत जगद्विख्यात खेळाडूंच्या बरोबरीने शिवलकर आणि गोयल हेही आहेत. क्रिकेट नियामक मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार या दोघांना मिळाला तो २०१७ साली. गोयल २०२० च्या जूनमध्ये निवर्तले. शिवलकर ३ मार्च २०२५ रोजी मुंबईत कालवश झाले.

श्रोतेहो, अशा आयुष्याचा हिशेब कसा मांडावयाचा? आपल्याकडे दोन ठराविक उत्तरे देण्याची रीत आहे. एक उत्तर नशिबाचे. शिवलकरांनी आपल्या आत्मचरित्राच्या नावातच चेंडूला दैवगतीचा म्हटले आहे; तो त्यांचा अधिकार आहे आणि त्यांतील खेळकर वैराग्य त्यांना शोभते. परंतु आपण, म्हणजे पाहणाऱ्यांनी, दैवावर भार टाकून मोकळे होणे बरे नव्हे. दुसरे उत्तर अन्यायाचे. निवड समितीला दोष द्यावा, चार सुस्कारे टाकावेत आणि विषय संपवावा. तेही पुरते खरे नाही. कारण बेदींना बाजूस सारून शिवलकरांना घ्यावयास हवे होते, असे छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील? फार तर एवढे म्हणता येईल की इतक्या वर्षांत एखादा सामना, एखादी अनुकूल खेळपट्टी त्यांच्या वाट्यास यावयास काही हरकत नव्हती. तेवढा दोष उरतोच, आणि तो पुसून टाकण्याचे कारण नाही.

मला वाटते, खरी चूक आपल्या वहीत आहे. कसोटी सामने: शून्य. आपण हा एक रकाना पाहतो आणि पान उलटतो. मुंबईने सलग पंधरा वर्षे करंडक राखला, त्या काळात मुंबईचा जो फलंदाज भारतातर्फे खेळावयास गेला, त्याच्या बॅटीला शिवलकरांसारख्यांच्या चेंडूची धार लागलेली होती. सरावाच्या जाळ्यात जो रोज शिवलकरांना तोंड देतो, त्याला परदेशी फिरकीचे भय ते काय? शिवाय बाकावर उत्तम माणूस तयार आहे, ही जाणीव आतल्या माणसाला आळसावू देत नाही. या सेवेसाठी आपल्या वहीत रकानाच नाही. अमेरिकेत एका पत्रकाराने उभी रेघ आखली म्हणून कोंडवाड्यातील माणसे दिसू लागली. आपल्याकडे ती रेघ कोणी आखली नाही.

या गोष्टीचा शेवट मला नव्या मुंबईत दिसला. १९७० साली सिडकोची स्थापना झाली तेव्हा खाडीपलीकडील हे शहर बहुतांशी कागदावरच होते. शिवलकर चेपॉकवर बळी घेत होते तेव्हा नेरूळ हे एक गावच होते. त्याच नेरूळला २००८ साली डी. वाय. पाटील क्रीडांगण उभे राहिले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी, शिवलकर गेल्याला आठ महिने झाले असता, तेथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारताच्या संघात त्या दिवशी शफाली वर्मा होत्या. मूळ चमूत त्यांचे नाव नव्हते. याच मैदानावर प्रतिका रावल जखमी झाल्या म्हणून उपांत्य सामन्याच्या तोंडावर त्यांना बोलावून घेतले होते. अंतिम सामन्यात त्यांनी ८७ धावा केल्या. पुढे दक्षिण आफ्रिकेचा डाव रंगात आला तेव्हा कर्णधार हरमनप्रीत कौर यांनी, मुळात फलंदाज असलेल्या शफालींच्या हाती चेंडू दिला आणि त्यांनी दोन महत्त्वाचे बळी घेतले. भारत ५२ धावांनी जिंकला आणि महिलांचा विश्वचषक प्रथमच आपल्या घरी आला. बाकावरून आलेली खेळाडू सामन्याची मानकरी ठरली.

त्या संघाचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. १९८८ साली आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, तेव्हा पायाला पॅड बांधून पुढच्या क्रमांकाची वाट पाहत बसलेला मुलगा तो हाच. पुढे मुंबईतर्फे पहिल्याच रणजी सामन्यात त्यांनी २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा जमविल्या, २००६-०७ साली मुंबईला करंडक जिंकून दिला. आणि भारतीय संघाचे बोलावणे त्यांनाही कधी आले नाही. वाट पाहण्याची विद्या ज्याला मुंबईच्या मैदानांनी शिकविली, त्याच्या हाताखाली एका बदली खेळाडूने विश्वचषकाचा सामना जिंकून दिला, यात मला नुसता योगायोग दिसत नाही. उशिरा आलेल्या माणसाच्या मनाची स्थिती काय असते, हे त्या क्रीडांगणावर त्यांच्याइतके कोणास कळत असेल?

मुझुमदारांना चषक मिळाला म्हणून शिवलकरांच्या शून्याची भरपाई झाली, असे मी म्हणणार नाही. एकाच्या वाट्याचे दुसऱ्यास मिळाल्याने पहिल्याचे पोट भरत नाही. परंतु आपल्या घरी एखादा मुलगा किंवा मुलगी संघाच्या यादीत नाव न लागल्यामुळे खिन्न होऊन बसली असेल, तर तिला सांगण्यासारखे यांत काही आहे. बोलावणे येईलच, असे आश्वासन तिला देऊ नका. ते खोटे ठरण्याचा संभव आहे. चेपॉकवर सोळा धावांत आठ बळी घेतलेला हात होता आणि त्याला बोलावणे आले नाही, हे तिला खुशाल सांगा. आणि हेही सांगा की तो हात त्यानंतर चौदा-पंधरा वर्षे चेंडू टाकीतच होता, आणि जे त्याच्यासमोर बॅट घेऊन उभे राहिले त्यांपैकी कोणीही त्याला दुय्यम मानले नाही.